नाव न सांगितलेला खरेदीदार

ता. ३ मार्च

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले आहे. त्याला तूर्त नाव उघड करायचे नाही. त्याने कराराला बाध येत नाही. प्रतिनिधी म्हणून सही मी करीन. काल जिन्यात तू दोनदा विचारलेस, कोण म्हणून. वकिलाला असे विचारू नये, एवढेच सांगतो. यंत्रे जागेवर राहतील आणि शिवणाऱ्या दोघी बायका कामावर राहतील, या तुझ्या अटी मसुद्यात घातल्या आहेत. तेव्हा नाक न मुरडता सही कर. आणि खोकला अंगावर काढू नकोस.

तुझा,
दादा

ता. २१ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

आज नवे मालक कुलूप घेऊन आले. कोपऱ्यावरचे छापखानेवाले. आमचे हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आमची गिऱ्हाइके एकेक करून फोडली ती यांनीच. या माणसाला मी साधी फूटपट्टीही विकली नसती, हे तू जाणतोस. दोघी बायका डबे हातात धरून फुटपाथवर उभ्या राहिल्या. अटींची आठवण दिली, तर हसून म्हणाले की शब्द तुमच्या भावाने दिला असेल, आपण दिलेला नाही.

लहानपणी खेळात तू वकील व्हायचास, मी आरोपी; शिक्षा ठरलेली. आज प्रश्न मी विचारते, आणि आढेवेढे नकोत. माहीत असून तू नाव दडवलेस का?

तुझी,
धाकटी

ता. २५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

होय, दडवले. तुझा राग व्यवहाराच्या आड येतो आहे आणि तुझे हित तुझ्यापेक्षा मला कळते, असे मी गृहीत धरले. तुझे पत्र आल्यावर तीन पाने समर्थन लिहिले. वाचून पाहिले, तर त्यात एकही फट सापडेना. त्याचीच लाज अधिक वाटली. पाने फाडली.

आता कायद्याचे. तू विचारूनही नाव जाणूनबुजून लपवले गेले, म्हणून करार तुला मोडता येतो. दावा लाव. मला सारे ठाऊक होते, हे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगेन. अशील जाईल, पतही जाईल. ते योग्यच होईल. परंतु निकाल लांबेल, आणि बायकांना काम आत्ता हवे. मालकाचे नाव न सांगता जो सही करतो, तो स्वतःही बांधला जातो. म्हणजे तो शब्द माझा आहे. पुढची खोली मोकळी केली आहे. कायद्याची पुस्तके पलंगाखाली गेली. हातशिवणीची दोन टेबले मांडली आहेत. सोमवारपासून त्या दोघींनी यावे. तू आलीस, तर मी समोर येणार नाही.

दादा

ता. २८ मार्च

ती. दादास, सा. न.

दावा लावते आहे. साक्षीला तू लागशील, तेव्हा तब्येत सांभाळ.

बायका खोली पाहून आल्या. टेबले फिरव, उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर टाक्यावर हाताचीच सावली पडते. सोमवारी त्यांच्याबरोबर मीही येते. चहा ठेवू नकोस, दारात उभा राहू नकोस. काम करीन आणि जाईन.

कळावे. लोभाचे पुढे पाहू.

धाकटी