शांततेसाठी काढलेली घंटा

बाबा, तुमच्या रेस्टहाऊसचा फोटो आज पेपरच्या पुरवणीत आलाय. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'फारशी कुणाला माहीत नसलेली शांत ठिकाणं'. म्हणे आलापल्लीच्या सागाच्या रानात, गजबजाटापासून दूर, दोन दिवस स्वतःसोबत घालवा. स्वतःसोबत! एवढं मोठं घरदार, शेजारपाजार असून ह्या लोकांना स्वतःसोबत राहायला तुमच्या व्हरांड्यात यावं लागतं. आणि कुणाला माहीत नसलेली म्हणजे काय हो? आपल्याला माहीत नव्हती? ढोरक्याला, म्हणजे गावची गुरं राखणाऱ्याला, तिथला नाला न् नाला ठाऊक होता. पण आपलं माहीत असणं ह्यांच्या हिशेबात धरलं जात नाही. माझ्या सुनेनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "आई, किती सुंदर! तुम्ही इथं लहानच्या मोठ्या झालात?" मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे, आणि पुरवणी कपाटात टाकली. ती टाकली तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही तिथले चौकीदार आणि खानसामा. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे, आणि थंडी पडली की नागपूरचे साहेबलोक चांद्यावरून धूळ खात यायचे. शिकारवाले वेगळे. ते निदान कशाला आले ते सरळ सांगायचे. माझ्या अंगाची आग व्हायची ती हवापालटवाल्यांनी. आपल्याकडे रान चूप झालं की माणसं कान टवकारायची, जनावर जवळ आहे म्हणून पोरांना आत घ्यायची. आणि हे त्या चूपपणासाठी पेट्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या घेऊन यायचे. आल्याबरोबर "अहाहा" म्हणायचे आणि मग आयुष्यभराची बडबड त्या व्हरांड्यात बसून करायचे. तुम्ही हात बांधून उभे. "जी साहेब, जी बाईसाहेब." घरात मायला पाणी भर म्हणून ओरडणारा माणूस हाच का, असं मला वाटायचं.

माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी माहेरी आलेली, आणि तेव्हाच ते वकीलसाहेब बायकोला घेऊन उतरलेले. बाईंना म्हणे झोप लागत नव्हती. पहाटे गुरं रानात निघायची तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांची खडखड होते, ती बंद करा. आम्ही इथं शांततेसाठी आलो आहोत! आणि तुम्ही, बाबा, खरंच घरोघर गेलात. घंटा काढा म्हणून सांगायला. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा, त्यावरून झुडपाआड कुणाचं ढोर आहे ते ढोरकी सांगायचा, हे काय तुम्हाला माहीत नव्हतं? तो तुमच्या तोंडावर हसला. "भाऊ, घंटा काढली तं ढोर कुठी हाय ते मले कसं समजन? तुह्या बाईसाहेबाले कानात कापूस घाल म्हना." सगळं गाव हसलं. मग तुम्ही घरी आलात आणि आपल्या गाईची, कबरीची, घंटा काढलीत. मायने तुमचा हात धरला. "आपलीच काऊन?" "दोन दिसाची गोष्ट हाय," तुम्ही म्हणालात. "साहेबाले सांगाले तं पायजे का काईतरी केलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे कबरी सोडून गावची सगळी गुरं रोजच्यासारखीच खडखडत गेली. आणि बाई चहा घेताना म्हणाल्या, "आज किती शांत वाटलं!" मला हसूही आलं आणि त्या कपात माती कालवावी असंही वाटलं.

त्या संध्याकाळी कबरी आली नाही. घरी तिचं वासरू दाव्याला हिसके देत होतं. मायने ती गाय माहेरून आणली होती, तिच्या दुधावर आपलं घर चालायचं आणि तुमच्या साहेबाचा चहासुद्धा. ढोरकी डोक्याला हात लावून बसला, "आवाजच नाई तं कुठी पाहू?" माय रानाच्या तोंडाशी जाऊन हाका मारायला लागली, "कबरेऽऽ, ये वोऽऽ". मला म्हणाली, "जा, तुह्या बाबाले बलाव." मी पळत आले. तुम्ही व्हरांड्यात ट्रे घेऊन उभे. मी तुमच्या मागे खांबाशी उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "बाबा, गाय नाई आली. माय बलावून राह्यली." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "चूप राह्य. पाव्हणे आईकतीन."

पाहुणे ऐकतच होते. बाईंनी बोट वर केलं. "ऐका ना! कुणीतरी गातंय. किती गोड!" त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही म्हणालात, "जी बाईसाहेब. आमच्याकडच्या बाया गातात संध्याकाळी."

"उद्याही ऐकायला मिळेल?"

"जी."

मिळालंही. दुसऱ्या संध्याकाळीही मायने हाका मारल्या आणि ती बया शाल पांघरून, खुर्ची पुढे ओढून बसली. तिसऱ्या दिवशी ढोरक्याला नाल्यात गिधाडं दिसली. वाघानं फारसं काही ठेवलं नव्हतं. साहेब गाडीत बसताना म्हणाले, इथं कुणी नाही हेच उत्तम. तुम्ही ते वाक्य बक्षीस मिळाल्यासारखं घरी घेऊन आलात. माय चुलीपुढे बसली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "इथी कोनी नाई म्हंते? मंग मी कोन व्हय?" तुम्ही जेवायला बसलात. मी दुसऱ्या दिवशी सासरी गेले, आणि नंतर आले तरी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्ही कधी विचारलं नाहीत, काऊन म्हणून. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तुम्ही गेलात तेव्हाही मी रडले ती मायकडे पाहून.

हे पत्र कुठं पाठवायचं? पाठवायचा पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्ही वाचू नये असं मला वाटतं. माय आयुष्यात कधी गायली नाही. ओवीसुद्धा नाही. तिच्या तोंडून आम्ही ऐकलं ते उठ, जा, आण, ठेव. त्या संध्याकाळी खांबाशी उभी असताना, गाय हरवलीय हे ठाऊक असताना, बाई 'गोड' म्हणाली आणि मी कान दिला. खरंच गोड होता, बाबा. मायचा आवाज एवढा गोड आहे हे मला त्या बयेनं दाखवलं, आणि त्याचा राग तुमच्यावरच्या रागापेक्षा थोडा जास्तच आहे.