पहिले वेढे

१२ जून २००६, यवतमाळ
महागावकडच्या बंजारा तांड्याचा जळालेला ट्रान्सफॉर्मर घेऊन तिथला किसनसिंग आला – चक्क ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून! तांड्याची पाण्याची मोटर याच्यावरच चालते. आमच्या दुरुस्ती कारखान्यात दुसरा तयार होता, तो देतो म्हटलं, तर म्हणे, "नाई. मले आमचाच पायजे. लय इमानदारीनं चालला तो."

आमच्या इंजिनिअर रत्नप्रभा मॅडमनी तो स्वतः उघडला. मला वाटलं, आत सगळा कोळसा असेल. छे! वरचे थोडे वेढे काळे, बाकी कॉइल शाबूत. "आभा, वीज पडली की दाबाची लाट तारेतून आत शिरते. पहिले वेढे ती अंगावर घेतात. दर वेळी त्यांच्यावरचा कागद थोडा कमजोर होतो. एक दिवस फाटतो."

कागद! तेलात भिजलेला साधा कागद इतकी वर्षं विजेला थोपवून धरतो. मला त्याला हात जोडावेसे वाटले.

१५ जून
नवे वेढे घातले, वर जास्तीचा कागद. मेगर हे तपासणीचं यंत्र लावलं तर कागदात ओल. मॅडम म्हणाल्या, वाळायला परत भट्टीत. वरच्या साहेबांचे फोनवर फोन – कापसाच्या भावानं लोक आधीच पेटलेत, देऊन टाका. गेटवर किसनसिंग: "माही याडी म्हातारी हाय. कोसभरून पाणी आणून राह्यली. ह्या बाईले काय त्याचं?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मॅडम ढिम्म. "ओला कागद पहिल्याच विजेला फाटेल. मग महिनाभर पाणी नाही." मी असते तर केव्हाच देऊन मोकळी झाले असते. काय बाई आहे ही!

१६ जून
भट्टी चालूच. तांड्यानं मॅडमविरुद्ध वर तक्रार दिली म्हणे.

१९ जून
मेगर पास. ट्रान्सफॉर्मर गेला, सोबत विजेची लाट जमिनीत सोडणारा नवा अरेस्टर. किसनसिंगनं मॅडमकडे पाहिलंही नाही.

२७ जून
तांड्याजवळच्या लाइनवर वीज पडली. लाइनमन धर्मपाल सांगत आला, "अरेस्टर फुटला, पण आपला ट्रान्सफॉर्मर चालू हाय. मोटरबी." मी आनंदानं टेबलावर हात आपटला. मॅडम नुसत्या हसल्या. त्यांच्या हातात बदलीचा हुकूम होता. त्या तक्रारीवरून. मला रागानं रडू आलं.

१ जुलै
मॅडमच्या क्वार्टरसमोर तोच ट्रॅक्टर. ट्रॉली धुतलेली, आत गोधड्या अंथरलेल्या. "तक्रारीवर पयला अंगठा माहाच होता," किसनसिंग खाली बघत म्हणाला. मग कपाट उचलणाऱ्यांना, "हळू धरा रे. याडीचं सामान हाय."