दुसऱ्या ओळीचे उंदीर

तांडा, दिग्रसजवळ
१४ नोव्हेंबर २०२४

चि. ऋचाताईंना खेमसिंगकाकाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली आहे. तुमच्या प्रयोगशाळेच्या उंदीरघरातून निवृत्त होऊन आठ महिने झाले, पण सकाळी पिंजरे धुवायला अजून हात शिवशिवतात. हंसाबाई म्हणते, "उंदरायशी बोलत होते, तेवढं आता माह्याशी बोला." बोलतो.

मंगळवारी तुमचा फोन आला. पिंजऱ्यांच्या दोन्ही ओळींतल्या उंदरांना गाठी सारख्याच आल्या, तेव्हा गाठी रोखायला सेलेनियमचा काही उपयोग नाही, असा लेख महिनाअखेरीस छापायला पाठवते, म्हणालात. मी गप्प झालो. काकांना वाईट वाटलं असं समजून तुम्हीच माझी समजूत काढलीत.

ताई, तो लेख पाठवू नका.

गाठी व्हायचं औषध तुम्ही दोन्ही ओळींना टोचलं होतं. सेलेनियम घातलेलं खाणं फक्त पहिल्या ओळीला, दुसरीला साधं. तुम्ही बजावूनही सांगितलं होतं. पण दुसऱ्या ओळीतल्या सात नंबरच्या पिंजऱ्यातली मादी जाळीला नाक लावून बघत बसायची. पंगतीत एकाला बुंदी वाढायची आणि शेजारच्याला नुसता भात, असं आमच्या तांड्यात कोणी करत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिला पहिल्या ओळीचं मूठभर दिलं. मग तिलाच का, म्हणून सगळ्या ओळीला. रोज संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर, पाच महिने.

सेलेनियम लागू पडतं की नाही, मला ठाऊक नाही. पण या उंदरांवरून ते कुणालाच कळणार नाही, एवढं समजतं. दया आली याची मला लाज वाटत नाही. निरोपाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, काकांच्या हातून कधी चूक झाली नाही, आणि मी मुकाट्याने हार घालून घेतला. त्याची वाटते.

काल हंसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीनं दोन साल मेहनत केली, अन् तुम्ही तिले खोटं छापू देता? फोनवर तोंड उघडत नसन तर लिहून टाका." म्हणून लिहितो आहे. हे पत्र तुमच्या साहेबांना दाखवा, म्हणजे बोल तुमच्यावर येणार नाही.

रागवाल. रागवायलाच हवं. पण प्रयोग पुन्हा मांडाल तेव्हा मला बोलवा, सकाळच्या एसटीने येईन. फक्त कोणत्या डब्यात काय आहे, ते मला सांगू नका. कळलं, तर मी पुन्हा सगळ्यांना वाढीन.

चुकलेला, तरी तुमचाच,
खेमसिंगकाका