तणमोराची हजेरी

लकडगंज, नागपूर
मंगळवार, १० ऑगस्ट १९८२

प्रिय वच्छला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आईला काही झालं की काय असं तुला वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, आई ठणठणीत आहे. आत्ता ती दारात उभी राहून मागच्या आरागिरणीवाल्याच्या नावानं बोटं मोडते आहे, कारण लाकडाचा भुसा पुन्हा तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर येऊन बसला. तुझी पत्रं तिच्या नावानं येतात. मी ती भिंग धरून तिला वाचून दाखवतो, आणि शेवटी 'बाबांना नमस्कार' आलं की आवाज न बदलता तेही वाचून टाकतो. लग्न होऊन तू यवतमाळला गेलीस त्याला सहा वर्षं होतील, आणि एवढ्या दिवसांत मी स्वतः होऊन तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. काल दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलेल्या मास्तराची ही गत आहे.

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकला नाही, डॉक्टर दिवाळीनंतर पाहू म्हणतात. डावा बरा आहे. तरी धामणीच्या अभयारण्यातली आमची रविवारची पक्षीफेरी मी सोडलेली नाही. पहाटेची सावनेरची एस. टी., फाट्यावर उतरून दीड मैल चालणं, तळ्याची पाळ, मग कमळांचा कोपरा, मग गवताचं माळरान, सगळं तू पाहिलं होतंस तसंच आहे. माणसं मात्र वाढली. आता कॉलेजची मुलं येतात, बँकेतले लोक येतात, एक डॉक्टरीणबाई येतात. फेरी संपली की पाळीवरच्या बेहड्याखाली बसून पोहे खायचे आणि मी नोंदवही उघडून पक्ष्यांची हजेरी घ्यायची, हेही तसंच. मी नाव पुकारतो, ज्यांनी तो पक्षी पाहिला ते 'हजर' म्हणतात. दोन आवाज आले तर नोंद, एकच आला तर नाही, मग तो आवाज कलेक्टरसाहेबाचा का असेना. हा नियम मीच घातला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्या नियमामुळे आमची वही वनखात्याचे लोकसुद्धा खरी मानतात.

आता ते माळरान जायची वेळ आली आहे. खात्याच्या कागदावर त्या गवताला पडीक जमीन म्हणतात, आणि पडीक जमिनीवर झाडं लावायची असा हुकूम आहे. निलगिरी आणि सुबाभूळ. झाडांच्या विरुद्ध बोलणारा माणूस वेडाच ठरतो, म्हणून मी काही दिवस गप्प होतो. पण नत्थू राखणदारानं सांगितलं, "मास्तर, पोया झाला का गड्डे खोदाले येतेत. खुंट्या ठोकून झाल्या." पोळा पुढच्या आठवड्यात आहे. नवीन अधिकारी तरुण आहेत, माणूस चांगला. ते म्हणाले, या गवतावाचून जगू शकत नाही असा एखादा पक्षी तुमच्या वहीत असेल तर दाखवा, मी तेवढा तुकडा थांबवतो. चंडोल, टिटव्या, लाव्हे मी दाखवले. ते हसून म्हणाले, सर, हे तर माझ्या बंगल्याच्या मागेही आहेत.

आणि परवाच्या रविवारी मला तो दिसला. मंडळी कमळपक्ष्याची पिल्लं बघायला पुढे गेली होती. माझा दम लागला म्हणून मी माळाच्या कडेला, जुन्या सिमेंटच्या खुणेच्या दगडावर बसलो होतो. समोरच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला, माणसाच्या डोक्याएवढा उंच गेला, पंख फडफडवले, त्यात पांढरं चमकलं, आणि तिथल्या तिथे खाली पडला. मी दुर्बीण उचलेपर्यंत गवत पुन्हा जसंच्या तसं. जरा वेळानं पुन्हा तेच. बेडूक ओरडावा तसा आवाजही आला. माळाच्या गवतावाचून न जगणाऱ्या तणमोराचा नर पावसाळ्यात असाच उड्या मारतो, हे मी पुस्तकातून किती मुलांना शिकवलं असेल. साठ वर्षांच्या आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं, आणि ते का आलं हे तुझ्याइतकं कोणाला कळणार नाही.

मी सगळ्यांना हाका मारल्या. ते येईपर्यंत अर्धा तास गेला, आणखी तासभर आम्ही उभे राहिलो, पण तो काही पुन्हा उठला नाही. बेहड्याखाली हजेरी घेताना मी 'तणमोर' पुकारलं आणि स्वतःच 'हजर' म्हटलं. दुसरा आवाज आला नाही. कसा येणार? मागच्याच महिन्यात मी एका जळक्या खुंटाला घुबड म्हणून सगळ्यांना पाच मिनिटं गप्प उभं केलं होतं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, सर, डोळ्याचं ऑपरेशन लवकर करून घ्या. कॉलेजातला एक मुलगा पोह्यांकडे बघून हसला. नत्थूला विचारलं तर तो म्हणाला, "मले तं काई दिसलं नाई, मास्तर. मी गवताकडं पाहतच नाई, ढोरं घुसली का तेवढं पाहतो." कोणी मला खोटं म्हटलं नाही. सगळे फार समजूतदारपणे वागले. मी वहीतली ती जागा कोरी सोडली आणि पुढचं नाव पुकारलं, पण आवाज माझा मलाच परका वाटला.

एस. टी. त खिडकीशी बसून मी तेरा वर्षं मागे गेलो. तू बारा वर्षांची होतीस. त्या दिवशी वनखात्याचे मोठे साहेब आणि सिव्हिल लाइन्सच्या काही बाया पहिल्यांदा फेरीला आल्या होत्या, आणि मी नवा कोट घालून घामाघूम झालो होतो. हजेरी संपत आली तेव्हा तू उठून म्हणालीस की खुणेच्या दगडापाशी एक काळं कोंबडं गवतातून उडी मारते नं तिथंच पडते, पुन्हा उडी मारते. साहेब हसले. मास्तर, तुमची मुलगी गोष्ट छान सांगते, म्हणाले. नियमाप्रमाणे मी 'दुसरा साक्षीदार नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण तू ऐकेनास. चला, दाखवते, म्हणून माझा हात ओढायला लागलीस. मला वाटलं, माझ्या वहीची, माझ्या मंडळाची सगळी लाज आता या पोरीच्या हातात आहे. मी तुझ्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि तुला म्हटलं, सगळ्यांसमोर म्हण, मी खोटं बोलले. तू म्हणत नव्हतीस. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, इतक्या हळू की मी पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं. मग वहीत लिहिलं, 'काळा पक्षी, कु. वच्छला, खोटी नोंद, रद्द', आणि खाली सही केली. खुणेचा दगड बेहड्यापासून दोनशे पावलांवर आहे, वच्छला. मी परवा मोजली. दोनशे पावलं चालून जायला मला काय झालं होतं?

त्या रात्री तुझ्या आईनंही हेच विचारलं होतं. "पोरीनं खरं सांगतलं असन तं? जाऊन पाहाले का झालतं तुमाले?" मी शिस्तीवर एक भाषण दिलं. ती म्हणाली, "शाळेत ठेवा ती शिस्त," आणि कूस बदलून झोपली. तू पुन्हा कधी फेरीला आली नाहीस. मी मनात म्हटलं, मुलगी मोठी झाली, आवडी बदलतात. पण तू फेरी सोडली नव्हतीस फक्त, तू आम्हाला काही सांगणंच सोडलं होतंस. दोन वर्षांनी तुला कावीळ झाली, तेव्हा डोळे हळदीसारखे होईपर्यंत कोणाला कळलं नाही. आईनं कपाळावर हात मारून विचारलं, "काहून सांगतलं नाई वं?" तर तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "तुमाले खरं वाटलं नसतं." मी दारात उभा होतो. ऐकलं, आणि डॉक्टरकडे जायचं निमित्त करून बाहेर पडलो. त्या दिवशी मी तुझ्याजवळ बसलो असतो तर आज हे पत्र इतकं लांबलं नसतं.

मागच्या दिवाळीत तू लेकीला, चिमीला, घेऊन माहेरी आली होतीस, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. चिमी धावत आली आणि म्हणाली, खाटेखाली वाघ आहे. मी हसलो, असे वाघ फार असतात आपल्याकडे, असं काहीतरी बोललो. तू हातातली परात खाली ठेवलीस, टॉर्च घेतलास आणि जमिनीवर पालथी झोपून खाटेखाली पाहिलंस. शेजारची पिवळी मांजर होती, आपल्या पिल्लांसकट. तू चिमीला म्हणालीस, बरोबर आहे तुझं, पट्टे आहेत तिला. मग उठलीस आणि माझ्याकडे न बघता परत परात घेतलीस. तू आधी पाहिलंस आणि मग बोललीस. मला तेव्हाच काहीतरी बोलायचं होतं. मी चहा मागितला.

परवा घरी आल्यावर ट्रंकेतून १९६९ ची वही काढली. सतरा ऑगस्टचं पान सहज सापडलं. अधिकाऱ्यांना जुनी नोंद हवी आहे, आणि ती माझ्याजवळ आहे, जागेसकट, महिन्यासकट, आणि तिच्यावर माझ्याच हातानं मारलेली काट आहे. माणूस किती हलका असतो बघ, माझ्या मनात आधी आलं की ते 'खोटी नोंद' ब्लेडनं खरवडून काढावं. शाई जुनी आहे, कोणाला कळलं नसतं. मी ब्लेड शोधलंसुद्धा. तुझ्या आईनं ते माझ्या हातात पाहिलं, वहीही पाहिली. तिला वाचता येत नाही, पण ते पान कोणतं हे तिला बरोबर कळलं. ती म्हणाली, "पोरीले लिहा. मले मधात घेऊ नका." म्हणून हे लिहितो आहे.

येत्या रविवारी पंधरा ऑगस्ट आहे. झेंडावंदन आटोपून अधिकारी फेरीला येणार आहेत, आणि बेहड्याखाली त्यांच्यासमोर मी ते पान आहे तसं उघडणार आहे. मी माझ्या मुलीला वीस माणसांत 'मी खोटं बोलले' असं म्हणायला लावलं आणि दोनशे पावलं चालून पाहायला गेलो नाही, हे मोठ्यानं वाचून सांगणार आहे. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी सांगणार, गवत राहिलं तरी आणि गेलं तरी. तुझी माफी मागायला मला तणमोर दिसावा लागला, आणि तेही त्याच्यासाठी तुझी गरज पडली तेव्हा, याची मला लाज वाटते, आणि ती लपवून तुला बोलावणं म्हणजे पुन्हा तसलंच काहीतरी झालं असतं. माझं चुकलं, वच्छला. तुला यावंसं वाटलं तर शनिवारच्या गाडीनं ये, चिमीला आण. हजेरीत मी तणमोराचं नाव पुकारेन, स्वतः 'हजर' म्हणेन आणि मग थांबेन. त्या दिवशी तू जे पाहिलंस तेच सांग. खरंच काही पाहिलं नसशील तर तसं सांग, आणि तेरा वर्षांत विसरली असशील तर तसं. गवत वाचवायचं म्हणून माझ्यासाठी 'हजर' म्हणू नकोस. तुझ्या तोंडात एकदा मी शब्द घातले होते, या वेळी मी फक्त ऐकणार आहे. तुझी जुनी दुर्बीण पुसून ठेवली आहे, आईनं तिला नवा पट्टा शिवला.

तुझाच,
बाबा