दोन इंच आखूड

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देण्यात गेली, आणि सख्खा भाऊ माझा फोन उचलत नाही. तेव्हा म्हटलं, पत्र लिहावं. ते उचलावं लागत नाही, दाराखालून आपलं आपण आत येतं.

तळ्याकाठच्या घरी जाऊन तुला महिना झाला. आपली मोजणीबाई, तुझी बायको, असती तर एव्हाना तिने मला तळ्यातल्या माशांचीही मापं कळवली असती. शिवणाचं दुकान बंद करून पाण्याकाठी राहायचं हा हट्ट तिचा, घर शोधलं तिनेच, आणि सामान बांधून झाल्यावर स्वतः मात्र जगातूनच निघून गेली. तू सामानाबरोबर तिकडे गेलास, ते मला पटलं नव्हतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

माझ्या वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य तळ्याकाठी विकत घ्यायला घर बघताहेत. तुझं घर त्यांनी फोटोत पाहिलं आणि तोंडाचा आ करून बसले. एरवी ते दुसऱ्यांना करायला लावतात. महिनाअखेर उत्तर हवं आहे. माझी मागची खोली रिकामी आहे, खिडकीपाशी तुझं मशीन बसेल. विचार कर. जेवतोस की नाही तेही लिही.

तुझी काळजी करून दमलेली,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोन बिघडलेला नाही. वाजतो, ऐकू येतो. मी उठेपर्यंत वाजायचा थांबतो.

तळं मोठं आहे. सकाळी धुक्यात दिसत नाही, दुपारी चकाकतं म्हणून बघवत नाही. संध्याकाळी बरं दिसतं. घरात मीठ ओलं होतं, काड्या पेटत नाहीत, कपाटाचे खण फुगून बसतात. कात्रीला गंज धरायला लागला म्हणून तेल लावून गुंडाळून ठेवली. फिरायला आलेले लोक कुंपणापाशी थांबतात आणि मला नशीबवान म्हणतात. मी हो म्हणतो. शेजारी एक होडीवाला आहे. तो बोलत नाही, मीही बोलत नाही. आमचं चांगलं जमतं.

मला वाईट वाटत नाही, ताई. बरंही वाटत नाही. ही गेली तेव्हा मी रडलो नाही, ते तू पाहिलंसच. मला वाटलं होतं, नंतर येईल. अजून काही आलेलं नाही. जेवतो.

काल पडदे लावले. दुकानात मी शिवलेलं ते शेवटचं काम. खिडकीला दोन इंच आखूड पडले. खिडकीचं माप घ्यायला ही एकटीच इथे येऊन गेली होती. सगळ्या गावाची मापं घेताना कधी चुकली नाही, ती आपल्याच घराच्या खिडकीला चुकली. सकाळी खालच्या फटीतून पाण्यावरचा उजेड आत येतो आणि पलंगाच्या हिच्या बाजूवर पडतो. मी कूस बदलतो. कापड उरलंय, पट्टी जोडून टाकीन.

दंतवैद्यांचं तुला योग्य वाटेल ते कर. माझं काही म्हणणं नाही.

तुझा,
धाकटा

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं काही म्हणणं नाही हे वाचून मला रागच आला. घर तुझं, म्हणणं माझं, हा काय प्रकार आहे? तरी दंतवैद्यांना सांगितलं आहे की बहुधा हो. ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी इसारा घेऊन तुझ्याकडे येतील. नको असेल तर त्याआधी तोंडाने नको म्हण. गप्प बसलास तर मी होच समजेन.

आणि दुसरं. मोजणीबाई मापात चुकली, हे मी ऐकून घेणार नाही. माझ्या कोटाच्या वेळी तिने माझ्या कमरेचा आकडा भर दुकानात खणखणीत आवाजात सांगितला होता. मी चार दिवस तिच्याशी अबोला धरला, पण आकडा बरोबर होता. त्या तोंड तुटक्या टेपची तुमची गंमत मला अजून आठवते. टेपचे पहिले दोन इंच गेलेले, म्हणून ती दिसेल तो आकडा ओरडायची आणि तू दोन कमी करून लिहायचास. नवं गिऱ्हाईक बिचारं उगाच घाबरायचं. नवी टेप मीच आणून दिली होती, ती तुम्ही कधी खोक्यातून काढलीसुद्धा नाहीत.

पट्टी जोडायच्या आधी ती खिडकी एकदा स्वतः मोज. तेवढं माझ्यासाठी कर.

रागात असले तरी तुझीच,
ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिडकी मोजली. तीच जुनी टेप घेतली. टेपवर बावन्न दिसले, म्हणजे खरे पन्नास. हिने मला पन्नासच सांगितले होते.

माप घेऊन ही परत आली तेव्हा मी शेवटच्या कोटांच्या घाईत होतो, मान वर केली नाही. इथे ही एकटी होती, लिहून घ्यायला मी नव्हतो, म्हणून वजाबाकी हिनेच करून ठेवली. मी सवयीने आणखी दोन कमी केले. ही चुकली नव्हती.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. खिडकीशी उभा राहून मी बावन्न असं मोठ्याने म्हणालो. आणि तसाच टेप धरून थांबलो, पाठीमागून हिचा हुंकार येईल म्हणून. दुकानात मी आकडा लिहिला की हुं म्हणायचो, मग ही पुढचं माप घ्यायची. आज आकडा मी सांगितला, तर हुं हिने म्हणायला हवं होतं. मग मी खाली बसलो आणि रडलो. होडीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला, काही न विचारता परत गेला.

घर विकायचं नाही. दंतवैद्यांना माझी क्षमा सांग. पट्टीही जोडणार नाही. सकाळचा उजेड पडतो तिथे पडू दे.

संध्याकाळी होडीवाला पुन्हा आला. त्याला होडीवर टाकायला ताडपत्री शिवून हवी आहे. होडी लांब आहे, एकट्याला मापता येणार नाही, असं त्याला सांगितलं.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
धाकटा

दि. २५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दंतवैद्यांना ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्यांनी दात दाखवून हसून घेतलं.

मागची खोली तशीच ठेवली आहे, पण आता तुझ्यासाठी नव्हे. माझी बॅग भरायला तिथे पसारा काढला आहे. सोमवारच्या गाडीने तुझ्याकडे येते. होडीवाल्याला थांबायला सांग. टेप तीच जुनी घे, तू मापं घे आणि आकडा मोठ्याने सांग, मला हल्ली कमी ऐकू येतं. मी लिहून घेईन आणि दर वेळी हुं म्हणेन.

वजाबाकी मात्र मी करणार नाही. ती तुझी तू कर.

सोमवारी दारात उभा राहा,
ताई