लोखंडातला रुपया

अंथुर्णे,
रविवार, दिवेलागण

प्रिय भूषण,

जयभीम. पाकीट फोडताना एक रुपया हातात पडला असेल. तो न बघता खिशात टाक आणि आधी पत्र वाच. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मी मूळ गोष्टच विसरते. शिवाय शेजारी मेघना बसलेली असते, आणि हे सगळं तुझ्या या बहिणीबद्दलच आहे.

तात्यांचा रुपया सापडला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा, कडी जोडून गळ्यात घातलेला. वेल्डिंगच्या ठिणगीनं दोरा जळला आणि तो आपल्या अंगणात कुठंतरी पडला, तेव्हा त्यांनी स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून किती दिवस माती चाळली! उसाच्या ट्रॉल्या, नांगर, सगळं तिथंच दुरुस्त व्हायचं. त्या अंगणात मातीपेक्षा लोखंड जास्त. चुंबकाला खिळे यायचे, बोल्ट यायचे, वेल्डिंगच्या काड्यांची थुटकं यायची. "रुपया काय चुंबकाला येत न्हाय, लोखंड न्हाय त्यो. पर लोखंड तर बाजूला हुईल," असं म्हणायचे. तुझे वडील गेले तेव्हा त्यांचा गळा मोकळाच होता. ते मला अजून सलतं. "माझ्यामागं त्यो भूषणचा," हे वाक्य तर तू लहानपणापासून ऐकलंयस.

तू अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलंस ते चांगलंच केलंस, चिखल तरी जाईल. पण सोमवारी माणसं येणार हे कळल्यावर मेघनाच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा ब्लॉक बसले की रुपया कायमचा खाली. तिच्या इंदापूरच्या शाळेत दिग्विजय नावाचे सर आहेत. गुप्तधन सापडेल म्हणून त्यांनी धातू शोधायचं मशीन मागवलं होतं. आजवर बाटल्यांची झाकणं तेवढी सापडली. ते मशीन घेऊन शनिवारी दोघं आले. अंगणात पाऊल ठेवलं की ते नुसतं कोकलायला लागलं. लोखंड वगळायचं बटण दाबलं, तर एकदम मुकं झालं.

आता मी असते तर मशीन परत देऊन टाकलं असतं. तुझ्या बहिणीनं ओसरीवर फळी टाकली, माझ्याकडून एक रुपया मागून घेतला, फळीवर ठेवला आणि मशीन वरून फिरवलं. जरासाही आवाज नाही. सर म्हणाले, "मॅडम, मशीनच बाद आहे." हिनं फळीवरचा रुपया उलटापालटा करून बघितला. मग उठली, माळ्यावरून तात्यांचं ते चुंबक काढलं आणि रुपयाजवळ नेलं. टक्कन चिकटला! "आई, तात्या काय म्हणायचे? त्यांचा रुपया चुंबकाला येत न्हाय. हा आत्ताचा स्टीलचा हाय, मशीन ह्यालाबी लोखंडच समजतंय!" शेजारच्या रामहरीभावजींच्या देवघरातून जुना जाड रुपया उसना आणला, तर मशीन गोड वाजलं. देवाला माघारी द्यायच्या बोलीवर दिला बरं का भावजींनी.

एवढ्यावर भागलं नाही. त्या रुपयाशेजारी खिळा ठेवला की मशीन परत मुकं. खिळा सरकव, फळी फिरव, असं तिचं दुपारभर चाललं. जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसला. शेवटी कळलं की एका बाजूनं फिरवलं तर खिळा रुपयाला झाकतो, पण आडवं येऊन हळू फिरवलं तर बारीकसा चिवचिवाट होतो. मग आज सकाळपासून तिनं अख्खं अंगण आधी उभं आणि मग आडवं पालथं घातलं. आपण आंबेमोहोर निवडतो ना, तितक्या सावकाश. भूषण, मी तिला जन्म दिला, पण अशी जिद्द माझ्यात नाही आणि तात्यांतही नव्हती. अभिमानानं ऊर भरून येतो म्हणतात, ते मला आज कळलं.

ऐरणीच्या ओंडक्यापाशी दोन गंजक्या खिळ्यांच्या मध्ये तो होता. तिनं आरडाओरडा केला नाही. चुलीशी आली, माझ्या पिठाच्या हातावर ठेवला आणि मग रडली. मीही रडले, भाकरी करपली.

थोड्या वेळानं तिनं तो धुतला, कागदात गुंडाळला, पाकिटावर तुझा पत्ता घातला आणि म्हणाली, "दादाचा हाय त्यो. उद्या पाठव." चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण पाकीट देताना हात लवकर सुटला नाही तिचा.

आता खिशातला रुपया काढून बघ. तो तात्यांचा नाही. मशीननं लोखंड ठरवलेला तो माझा रुपया आहे. पाकिटातला तात्यांचा काढून मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय. तात्यांचा शब्द मोडायचा हक्क मला नाही, तुझा एकट्याचा आहे. मेघना माझं ऐकायची नाही, दादाचं ऐकेल. तेव्हा पत्र वाचून झालं की तिला फोन कर आणि "घाल गळ्यात" एवढंच म्हण. नाही पटलं तर तुझा तुला मिळेल, मी शब्दानं बोलणार नाही. निळा दोरा मात्र आणून ठेवलाय. मापाचा कापलाय, आणि माप तुझ्या गळ्याचं नाही.

तुझीच,
आई