पुढचं वाचून ठेवायचं नाही

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, नोकरी पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार विभागात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल घरात दुमत असल्यास ते आता मी गेल्यावरच मांडावे, हयातीत पुष्कळ मांडून झाले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. लिहायला बसल्यापासून चहाची दोनदा विचारणा झाली, ते मी दडपण धरत नाही.

येत्या गुरुवारी माझ्या पोटातली एक गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, ‘‘साधी शस्त्रक्रिया आहे.’’ त्यांच्यासाठी असेलच. ते टेबलाशेजारी उभे असणार, मी टेबलावर.

कलम एक. घर पतीच्या नावावर आहे आणि बचत दोघांच्या. त्यांचे काय व्हायचे ते कायदा बघून घेईल. माझ्या एकटीची म्हणता येईल अशी मालमत्ता म्हणजे पॅसेजमधले पुस्तकांचे कपाट आणि गेल्या वर्षभरातले माझे वाचन. वाटणी तेवढ्याचीच करत आहे.

कलम दोन. कपाट माझ्या धाकट्या नणंदेला द्यावे, पुस्तके काढून. ती जेव्हा जेव्हा येते तेव्हा कपाटासमोर उभी राहून म्हणते, ‘‘वहिनी, काय सुंदर कपाट आहे गं! यात काचेचे सेट काय दिसतील!’’ तिचे आता समाधान व्हावे. शिवाय तिला पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचून ते मोठ्याने जाहीर करण्याची सवय आहे. या वर्षी मी रहस्यकथा वाचत असताना तिने खुनी कोण हे मला स्वयंपाकघराच्या दारातून सांगितले आहे, तेही मी न विचारता, हातातली काकडी खात खात. म्हणून माझ्या सर्व रहस्यकथांची शेवटची पाने कापून एका पाकिटात घालावीत आणि तिला द्यावीत. बाकीचा भाग तिने कधी वापरलेलाच नाही.

कलम तीन. या वर्षी सर्वांनी वाचलीच पाहिजे अशी जी जाडजूड कादंबरी होती, तिची माझी प्रत इमारतीतल्या वाचक मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना द्यावी. त्यांनी ती माझ्याकडून नेली, महिनाभर ठेवली आणि परत देताना डोळे मिटून म्हणाल्या, ‘‘पूर्वार्ध ठीक आहे हो, पण उत्तरार्धात लेखकाने काय उंची गाठलीय! मी तर दोन दिवस सुन्न होते.’’ बांधणाऱ्याच्या चुकीने माझ्या प्रतीत उत्तरार्ध नाहीच. त्या जागी पूर्वार्धच पुन्हा बांधला आहे. मी हे त्यांना सांगितले नाही, कारण तेव्हा त्या सुन्न होत्या. आता निवांतपणे पुन्हा वाचावी.

कलम चार. धाकट्या भावाने वाढदिवसाला दिलेली, पहाटे उठून आयुष्य बदलण्याविषयीची पुस्तके त्याला परत करावीत. ती मी अंथरुणात वाचली आणि प्रत्येक वेळी मला उत्तम झोप लागली. भावाचे आणि लेखकाचे आभार.

कलम पाच. वर्षभरात सर्वांत चांगले काय वाचले, असे मंडळात विचारले गेले तेव्हा मी त्या जाड कादंबरीचेच नाव घेतले, कारण चहा थंड होत होता. खरे उत्तर इथे देते. ते मला कचेरीत मिळाले. एक एकटे राहणारे गृहस्थ नळ गळतो म्हणून वर्षभर तक्रारी पाठवत होते. शेवटी माणूस जाऊन नळ दुरुस्त झाला. पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज आला: ‘नळ आता गळत नाही. त्याबद्दल आभारी आहे. परंतु घरात फार शांत वाटते. जमल्यास थोडा सैल करून जावे.’

हा अर्ज माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो सांभाळावा आणि काही झाले तरी त्यावर ‘निकाली’ असा शिक्का मारू नये. त्यांना शिक्का दिसला की राहवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम सहा. आता मुख्य वाटणी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध डाग पडले आहेत. कडेचे दिसते, समोरचे पुसले जाते. त्यांना माणूस दिसतो, दार दिसते, दुधावर साय किती आली तेही दिसते, फक्त अक्षर दिसत नाही. त्यामुळे या वर्षीचे माझे बहुतेक वाचन मोठ्याने झाले. कचेरीतून आले की चहा, चहा झाला की पुस्तक. मी वाचते आणि त्या खिडकीकडे तोंड करून ऐकतात.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र लावून दिवसभर परक्यांचे आवाज जोडायचे. माणूस खोटे बोलायला लागला की ‘हॅलो’मध्येच कळायचे, असे त्या म्हणतात. मला ही नुसती बढाई वाटत होती.

वर्षाच्या सुरुवातीला एका कादंबरीत एक पोस्टमन होता. सासूबाईंचा तो फार लाडका. ‘‘पोस्टमन आला का गं आज?’’ असे चहाच्या आधी विचारायच्या. मध्यावर लेखकाने त्याला तापाने मारला, हे मी आदल्या रात्री पुढचे वाचून ठेवताना बघितले. माझ्याने वाचवेना. मी ताप उतरवला. मला वाटले होते की काम संपले, पण पुस्तक बरेच उरले होते आणि लेखकाने अर्थातच त्याची काही सोय केलेली नव्हती. उरलेली सगळी प्रकरणे त्या माणसाला मला एकटीला पोसावे लागले. मी त्याला सायकल घेऊन दिली, बहिणीच्या लग्नाला पाठवले. एकदा तर त्याची बढती केली. पुस्तक संपले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘छान होतं. मेला कधी तो?’’

‘‘कोण?’’

‘‘पोस्टमन. ताप आला तेव्हाच ना? तुझा आवाज बदलला होता तिथे.’’

‘‘मग बोलला का नाहीत, आई?’’

‘‘त्याची बढती व्हायची होती ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आता एक करायचं. पुढचं वाचून ठेवायचं नाही. काय व्हायचं ते दोघींना एकदमच कळू दे.’’

तेव्हापासून हा आमच्या घरातला कायदा आहे आणि मी तो पाळला आहे. सध्या चालू असलेली कादंबरी होडीवाल्या कुटुंबाची आहे. त्यातली थोरली मुलगी भांडून घर सोडून गेली होती. काल ती परत आली. दारात उभी आहे. तिने कडी वाजवायला हात उचलला आणि प्रकरण संपले. आत घेतात की नाही, मला माहीत नाही. देवाशपथ बघितलेले नाही.

काल पुस्तक मिटून मी सासूबाईंना गाठीचे सांगितले. म्हटले, ‘‘साधी शस्त्रक्रिया आहे.’’

त्या खिडकीकडे तोंड करूनच म्हणाल्या, ‘‘आवाज बदलला.’’

मी कपबशा उचलून आत गेले.

तरी माझे काही बरेवाईट झाल्यास ही कादंबरी, तिच्यातली खूण न हलवता, सासूबाईंची राहील. आणि ती पुढे वाचून दाखवण्याची जबाबदारी माझ्या पतीवर राहील. पतीला मोठ्याने वाचण्याचा अनुभव नाही. या वर्षी त्याने धुलाई यंत्राचे माहितीपत्रक आणि सामन्यांचे निकाल एवढेच वाचले आहे. पण माणूस प्रामाणिक आहे. कोणी मरत असेल तर मरू देईल.

दुरुस्ती. वरील मजकूर खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना वर बोलावून दाखवला. एक साक्षीदार ते होणार होते आणि दुसरी साक्षीदार सासूबाई. घरातला कागद आहे म्हणजे सही आपलीच, हे सासूबाईंनी परस्पर ठरवले होते. वकीलसाहेब चष्मा वर करून म्हणाले, ‘‘सूनबाई, बाकी सगळं राहू दे, कायद्याला विनोद कळत नाही. पण एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झाला तर त्याची वाटणी जाते. दुसरं कोणी बघ.’’

‘‘दुसरं कशाला?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘माझं कलम खोड.’’

‘‘आई, अहो, तुमच्यासाठीच तर सगळं लिहिलंय. हा वाचून दाखवेल ना तुम्हाला.’’

‘‘बघू दे तरी कसा वाचतो.’’

पतीला हाक मारली. तो टॉवेलला हात पुसत आला, पुस्तक हातात धरून सावधान उभा राहिला आणि मागच्या प्रकरणाचा शेवट वाचला. माझ्या कचेरीतून उद्या पाणी येणार नाही अशी जी सूचना निघते, तिच्यासारखा. मुलगी दारात आली, हात उचलला, पूर्णविराम. त्याचे कान लाल झाले होते. बिचाऱ्याने पुन्हा एकदा वाचून पाहिले. दुसऱ्या वेळी सूचना जरा दिलगिरीच्या सुरात निघाली.

‘‘बस कर रे बाळा,’’ सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. बघायचे असले की त्या मान थोडी तिरपी करतात, म्हणजे माणूस डोळ्याच्या कडेत येतो. तशी मान करून माझ्याकडे बराच वेळ बघितले.

‘‘मला नको ही वाटणी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या मुलीला राहू दे दारात उभी. इतके दिवस बाहेर राहिली, आणखी चार दिवस काही होत नाही तिला. तू ये. मग दोघींना आत घेऊ.’’

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला काढला. तो स्वच्छ होता. मग त्यांनी विचारले, ‘‘आजी, सही करताना सूनबाईंचा हात तरी दिसतोय ना तुम्हाला? कायद्याने दिसायला हवा.’’

‘‘हात दिसतोय,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पेनचं टोपण काढायचं राहिलंय, तेही दिसतंय.’’

सबब कलम सहा मी माझ्याच पेनने सर्वांसमक्ष खोडले आहे. होडीवाल्यांची कादंबरी कोणाच्याही वाटणीत नाही. तिची खूण आहे तिथेच आहे. पतीने ती चाळू नये, नणंदेला तर ती ज्या खोलीत आहे ती खोली दाखवूसुद्धा नये. कायद्याच्या दृष्टीने आता मला परत येण्यावाचून दुसरा पर्याय उरलेला नाही. तशी मी येईन. ही ओळ मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली आहे. आवाजाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि या वेळी त्यात कोणालाही जिवंत ठेवण्यासाठी फेरफार केलेला नाही.

ठिकाण: जेवणाच्या टेबलाचे खिडकीकडचे टोक
दिनांक: गुरुवारच्या आधीचा मंगळवार, चहानंतर

लिहून देणार: मी, सही (जरा वाकडी, पण माझीच)

साक्षीदार
१. खालच्या मजल्यावरचे वकील, सही
२. सासूबाई, वाटणी नाकारून, सही